गाय व्यायला आठ-दहा दिवस राहिलेत, घरी मी आणि सासूबाई दोघीच, काय काय तयारी ठेवू?

दोनगायवाली_जुन्नर

नमस्कार सगळ्यांना. मी इथं नेहमी वाचते पण लिहायची पहिलीच वेळ आहे त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही जुन्नर तालुक्यातले, नारायणगावपासून आत. दोन एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गाया आणि एक कालवड एवढाच पसारा. मिस्टर चाकणला कंपनीत, आठवड्याची शिफ्ट बदलते, ह्या महिन्यात नेमकी नाईट आलीय. सासरे होते तोवर गोठ्याचं आम्हाला काही बघावं लागलं नाही, ते दोन वर्षांपूर्वी गेले.

तर आमची चांदी, आता चौथं वेत. ८ जानेवारीला भरवलेली (रेतन केलेली), म्हणजे कॅलेंडरवर मोजलं तर २८० दिवस १५ ऑक्टोबरला भरतात. १५ ऑगस्टला आटवली (दूध काढणं बंद केलं), झेंड्याचा दिवस म्हणून लक्षात आहे. आज ६ तारीख. कास भरायला लागलीय.

भीती वाटायचं कारण सांगते. मागच्या वेताला पाय दिसल्याबरोबर वस्तीवरच्या चार-पाच जणांनी दोर बांधून ओढायला सुरुवात केली, मी म्हणत होते डॉक्टरला येऊ द्या पण बायकांचं कोण ऐकतंय, वासरू मेलेलं निघालं आणि गाय दुसऱ्या दिवशी सकाळी बसली ती उठेचना. डॉक्टरांनी सांगितलं आतून जखम पण झालीय आणि दूधज्वर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम कमी पडून गाय बसते तो) पण आहे. सलाईन लावून दोन दिवसांनी उठली कशीबशी. नंतर त्या वेतात दूध पण निम्म्यावर.

ह्यावेळी मला कळायला पाहिजे की कधी गप बसायचं आणि कधी फोन करायचा. आमचे डॉक्टर बावीस किलोमीटरवर, रात्री निघाले तरी तास जातो. आणि अजून एक, आमच्याकडं ऊस आहे चहूबाजूला, वाघाचं (बिबट्या हो, इकडं त्याला वाघच म्हणतात) येणंजाणं असतं, त्यामुळं रात्री गोठ्याबाहेर फिरणं नको वाटतं. दिवसा व्यावी म्हणून काही करता येतं का? हसू नका.

आणि एक, दुकानदारानं कॅल्शियमचा कॅन दिलाय, रोज १०० मिली पाजा म्हणाला म्हणजे ह्यावेळी गाय बसणार नाही. चालू करू का?

---

बापू_फलटण

ताई हसायचं काही नाही, चांगला प्रश्न आहे. दिवसा व्यावी यासाठी एक सोपी गोष्ट आहे, आमच्या गोठ्यात करतो. शेवटचे दोन-तीन आठवडे मुख्य चारा संध्याकाळी उशिरा टाकायचा, दिवसभर थोडंफार चघळायला, पण पोटभर खाणं रात्री आठ-नऊला. रात्री खाण्यात आणि रवंथात असली की बऱ्याचशा गाया पहाटेनंतर किंवा दिवसा वितात. शंभर टक्के नाही, पण आमच्याकडं दहातल्या सहा-सात तरी उजेडात होतात. खर्च काहीच नाही. आजपासून चालू करा.

खुणा तुम्हाला माहीत असतीलच, तरी सांगतो. कास भरणं ही पहिली खूण पण ती पंधरा दिवस आधीपासून चालू होते, तिच्यावर भरवसा ठेवून जागरणं करू नका, आम्ही एका गायीपायी आठ रात्री जागलो होतो, नवव्या रात्री झोपलो आणि तेव्हाच ती व्याली. खरी खूण शेपटीच्या मुळाशी. दोन्ही बाजूला बोटं लावून बघायचं, आधी तिथं शिरा ताणलेल्या दोरीसारख्या लागतात, व्यायच्या आदल्या दिवशी त्या एकदम ढिल्या पडतात आणि खड्डे दिसतात. रोज संध्याकाळी हात लावून बघत जा म्हणजे फरक लगेच कळेल. निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लोंबते, चिकट सोट लोंबायला लागतो, सडं तेल लावल्यासारखी चकचकतात. मग समजायचं आजउद्याच.

---

पैलवान_गोठा

एवढं टेन्शन कशाला. आमच्या आज्जीनं शंभर गाया काढल्या, कुठला डॉक्टर न कुठला फोन. पाय दिसले की दोर बांधायचा आन् चौघांनी ओढायचं, जेवढा उशीर तेवढं वासरू आत गुदमरतं. जार (वार) नाही पडली तर तिला वीट बांधायची, वजनानं येती खाली. आन् कॅल्शियम चालू करा बिनधास्त, ताकद येते.

---

निवृत्त_पशुवैद्य

पैलवान, तुमच्या आज्जींबद्दल आदर आहे. पण आज्जींच्या गाया खिल्लार किंवा गावठी असणार, वासरू वीस-बावीस किलोचं, ते सुळकन येतं. आता एचएफचं वीर्य वापरतो आपण, वासरू पस्तीस-चाळीस किलोचं असतं, आणि गाय दिवसभर दावणीला बांधलेली, चालणं नाही. दोन्हींची तुलना करू नका. तीस वर्षं नोकरी केली, रात्री-बेरात्री ज्या अडलेल्या गायींना गेलो त्यातल्या अर्ध्याअधिक ठिकाणी मी पोचायच्या आधी कुणीतरी ओढून ठेवलेलं असायचं. एकदा तर ट्रॅक्टर लावलेला पाहिलाय मी. त्या गायीचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही.

ताई, आता तुमचं. आधी कॅल्शियमचं, कारण ते चालूच करायचं नाहीय. व्यायच्या आधी रोज कॅल्शियम पाजणं ही आपल्याकडची फार मोठी गैरसमजूत आहे. गायीच्या हाडात कॅल्शियमचा मोठा साठा असतो. व्याल्यावर चीक आणि दूध सुटलं की रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेत जातं, त्यावेळी तिच्या शरीरानं हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणायला पाहिजे. तुम्ही आधीचे तीन आठवडे वरून भरपूर पाजत राहिलात की शरीर म्हणतं आयतं मिळतंय, हाडातून काढायची यंत्रणा झोपून जाते, आणि व्याल्यावर ऐनवेळी ती जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्याच दोन-तीन दिवसांत गाय बसते. म्हणजे ज्या भीतीनं पाजता तेच ओढवून घेता. तो कॅन बाजूला ठेवा. लसूणघास सुद्धा ह्या काळात कमी करा, त्यात कॅल्शियम जास्त असतं, मक्याची वैरण, कडबा, थोडा मुरघास असं द्या. तुमच्या डॉक्टरांना विचारून आटलेल्या गायीसाठीचं जे वेगळं खनिज मिश्रण मिळतं, ॲनायोनिक मीठ म्हणतात, ते आणा. मागच्या वेताला बसलेली आणि आता चौथं वेत, म्हणजे ही गाय परत बसायची शक्यता आहेच, डॉक्टरांना आजच फोन करून हे सांगून ठेवा. तोंडावाटे द्यायची कॅल्शियमची जेल असते ती व्याल्यानंतर द्यायची असते, आधी नाही.

दुसरं, कधी गप बसायचं. ह्याचं उत्तर घड्याळात आहे. सुरुवातीला गाय अस्वस्थ होते, उठबस करते, पोटाकडं वळून बघते, शेपूट वर धरते, थोडं थोडं शेण टाकत राहते. ह्यात दोन ते सहा तास जाऊ शकतात, पहिलारू कालवडीला त्याहून जास्त. तेव्हा काहीही करायचं नाही. आत हात घालायचा नाही, माणसं गोळा करायची नाहीत, दिवा अगदी तोंडावर धरायचा नाही. गाय बुजली की कळा थांबतात. सासूबाईंना सांगा एका बाजूला खाट टाकून बसा.

मग पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसेल किंवा फुटेल. त्या क्षणी वेळ लिहून ठेवायची. डोक्यात नाही, कागदावर. रात्री दोन वाजता दहा मिनिटं तासासारखी वाटतात आणि तास दहा मिनिटांसारखा. तिथून चौथ्या वेताच्या गायीनं तासाभरात वासरू टाकायला पाहिजे किंवा निदान दर पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी पुढं सरकलेलं दिसायला पाहिजे. आधी खूर, मग नाक, मग कपाळ. सरकतंय तर हात लावू नका. अर्धा तास जोरात कळा देऊनही जिथल्या तिथं असेल तर फोन. तुमचे डॉक्टर तासाच्या अंतरावर आहेत म्हणून तुम्ही अर्ध्या तासालाच करा, पूर्ण तास बघत बसू नका. आले आणि तोवर गाय मोकळी झालेली असली तर चहा पिऊन जातील, बिघडत नाही.

काय दिसतंय त्यावरून पण कळतं. दोन खूर, तळवे खाली, आणि त्यांच्यावर ठेवल्यासारखं नाक, हे सरळ आहे. दोन खूर पण तळवे वर, म्हणजे बहुधा मागचे पाय आधी आलेत, हे उलटं, तेव्हा नाळ दबायच्या आत वासरू लवकर काढावं लागतं, लगेच फोन. नुसतं नाक आणि पाय नाहीत, नुसती शेपटी, एकच पाय, ह्या सगळ्याला थांबायचं नाही, लगेच फोन. डॉक्टर यायच्या आत ओढायचं तर अजिबात नाही, कारण मागं राहिलेला पाय आत दुमडलेला असतो आणि तुम्ही जेवढं ओढाल तेवढा तो कमरेच्या हाडात अडकतो.

पाय पुढचा की मागचा हे कळण्यासाठी, खुरापासून वर जाताना पहिले दोन सांधे एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा पाय, उलट्या दिशांना वाकत असतील तर मागचा. घरातल्या कालवडीचे पाय वाकवून आज बघून ठेवा, एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

---

कोपरगावची_सुमन

ताई मी पण एकटीच बघते, पाच गाया आहेत. डॉक्टर काकांनी बरोबर सांगितलंय. मी फक्त सामानाचं सांगते, एक बादली भरून ठेवली की ऐनवेळी पळापळ होत नाही. खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे (मेडिकलला किंवा डॉक्टरांकडं मिळतात), साबण, गोडं तेल किंवा लिक्विड पॅराफिन, दोन सुती दोर उकळून वाळवलेले, टिंक्चर आयोडीन रुंद तोंडाच्या छोट्या बाटलीत, जुनी स्वच्छ पोती दोन-तीन, बॅटरी चार्ज केलेली आणि तिच्याशिवाय दुसरी बॅटरी. मोबाईलच्या टॉर्चवर भरवसा नको, फोन पण करायचा असतो ना त्याच मोबाईलवरून. लाईट आमच्याकडं तर व्यायच्या वेळीच जाते, काय वैर आहे काय माहीत.

हातमोजे सोडू नका, हे मी माझ्या अनुभवानं सांगते. माझ्या जावेला उघड्या हातानं जार काढल्यापासून ताप यायचा जायचा, सांधे दुखायचे, तीन महिने कुणाला कळेना. शेवटी ब्रुसेला निघाला. ज्या गायीची जार अडकते किंवा सातव्या-आठव्या महिन्यात जी टाकते तिच्यापासून माणसाला होऊ शकतो तो. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस देतात, सरकारी दवाखान्यात विचारा, तुमची कालवड बसतेय का वयात ते बघा.

वीट बांधायचं करू नका हो. आमच्याकडं चप्पल बांधतात. जार तुटून निम्मी आत राहते आणि मग पू होतो, गाय परत माजावर यायला चार महिने लागतात. कधीकधी अंगच (गर्भाशय) बाहेर येतं वजनानं. जार साधारण आठ-बारा तासांत पडते. नाही पडली तर लोंबणारी खूपच लांब असेल तर गाठ मारून आखूड करायची म्हणजे पायात येत नाही, आणि डॉक्टरला कळवायचं. बस.

---

पैलवान_गोठा

बरं बरं, आज्जीला कुणी काय बोलू नका. विटेचं मागं घेतो. पण माणसं पाहिजेतच, एकट्या बाईनं चाळीस किलोचं वासरू कसं ओढायचं?

---

निवृत्त_पशुवैद्य

ओढायची वेळ आलीच तर दोन माणसं पुरतात. दोर खुराच्या वरच्या सांध्याच्या वर एक फास आणि सांध्याच्या खाली अर्धी गाठ असा बांधायचा म्हणजे वजन दोन ठिकाणी विभागतं, हाड मोडत नाही. दोन्ही पाय एकदम ओढायचे नाहीत, आधी एक थोडा, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरके होऊन बाहेर येतात, जसं आपण अरुंद दारातून कपाट काढताना एक बाजू आधी काढतो तसं. आणि फक्त गाय कळ देईल तेव्हा. ती थांबली की आपण थांबायचं. डोकं बाहेर येईपर्यंत सरळ, डोकं आल्यावर खाली, गायीच्या मागच्या पायांकडं. बरेच लोक वासरू सरळ मागं ओढत राहतात, मग कंबर अडकते.

पण ताईंनी हे स्वतःहून करायचं नाहीय. डॉक्टर आले की त्यांना एक दोर धरणारं माणूस लागतं, त्यासाठी सांगतोय.

---

आकाश_सिन्नर

१९६२ नंबर सेव्ह करून ठेवा, सरकारी फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री. फक्त तुमच्या भागात रात्रीची गाडी येते का ते दिवसा फोन करून आधीच विचारून ठेवा, रात्री दोनला विचारत बसायला नको. आणि दुसऱ्या एका डॉक्टरचा नंबर पण ठेवा, पहिला दुसऱ्या गोठ्यावर असू शकतो.

वाघाचं म्हणाल तर आमच्या सिन्नर भागातही तेच आहे आता. जार बाहेर टाकू नका, कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागं तो येतो. खोल खड्डा, वरून चुना, मग माती, मग एखादा दगड.

---

दोनगायवाली_जुन्नर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कॅन परत नेऊन दिला, दुकानदार तोंड वाकडं करत होता पण घेतला. मिठाचं मिश्रण डॉक्टरांकडून आणलं, त्याला वास फार येतो, चांदी आधी खाईना, भरड्यात गूळ घालून कालवलं तेव्हा खाल्लं. चारा रात्री साडेआठला टाकतेय. कालवडीचे पाय वाकवून बघितले, सासूबाई म्हणाल्या वेडी झालीस काय. शेपटीजवळ रोज हात लावून बघते, अजून ताठ आहे.

मिस्टरांनी गोठ्याला जाळीचा दरवाजा बसवला रविवारी.

---

दोनगायवाली_जुन्नर (१३ ऑक्टोबर, रात्री १:१०)

कुणी जागं आहे का. काल संध्याकाळी खड्डे पडले होते, मी पाहिलं. रात्री अकरापासून उठबस चालू होती. १२:३५ ला पाणमोट फुटली, कॅलेंडरवर लिहिलंय. आता नाक दिसतंय आणि एकच खूर. दुसरा खूर नाही. कळा जोरात देतेय. डॉक्टरांना फोन केला एकदाच्यात लागला, ते शेजारच्या गावात एका म्हशीकडं आहेत, म्हणाले चाळीस-पन्नास मिनिटांत येतो, ओढू नका. दुसरे डॉक्टर फोन उचलत नाहीत. वासराची जीभ बाहेर आहे. काय करू तोपर्यंत.

---

कोपरगावची_सुमन (१:१४)

जागी आहे. ओढू नको. गाय बसली असेल तर हळू उठव, उभी राहिली की आतलं वजन पुढं सरकतं, थोडी जागा होते. दोन पावलं चालव गोठ्यातल्या गोठ्यात. जीभ हलतेय का बघ, नाकात बोट लावून बघ मागं घेतंय का.

---

दोनगायवाली_जुन्नर (१:१९)

उठवली. बोट लावलं तर जीभ आत ओढली त्यानं. जिवंत आहे. सासूबाई रडायला लागल्यात त्यांना आत पाठवलंय चहा ठेवायला.

---

निवृत्त_पशुवैद्य (१:२२)

आता पाहिलं. उत्तम, उभीच ठेवा. नाक बाहेर आहे तर नाकावरचा पिशवीचा पातळ चिकट पापुद्रा फाडून पुसून काढा, श्वासाला वाट राहू द्या. जीभ सुजलेली दिसली तर घाबरू नका, नंतर उतरते. गरम पाणी, साबण, तेल तयार ठेवा. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागं राहिलाय. हे डॉक्टरला दहा मिनिटांचं काम आहे. वस्तीवरची माणसं आली तर त्यांना बाहेर थांबवा, माझं नाव सांगा वाटल्यास.

---

दोनगायवाली_जुन्नर (सकाळी ९:४०)

रात्री पुढं लिहायला जमलं नाही. सांगते सगळं.

डॉक्टर २:०५ ला आले. तोवर वस्तीवरचे दोघंजण लाईट बघून आलेच होते आणि त्यातला एक मागच्या वेळचाच. म्हणाला वहिनी वासरू मरंल, एक पाय तर आहे, धरा. मी गोठ्याच्या जाळीला आतून कडी लावून घेतली. वाईट वाटलं असेल त्यांना पण लावली.

डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं, आणि आधी वासराला आतच ढकललं. मला वाटलं हे काय करतायत, बाहेर काढायचं सोडून आत. पण कळ थांबायची तेवढ्यात थोडं मागं ढकलायचे आणि दुसऱ्या हातानं आतला पाय शोधायचे. खूर हाताच्या मुठीत झाकून घेतला म्हणाले, नाहीतर गर्भपिशवीला आतून फाडतो तो, आणि तसा मुठीत धरून पुढं आणला. मग दोन्ही पायांना दोर, एक माझ्या हातात. काकांनी लिहिलं होतं तसंच, एक थोडा मग दुसरा. डॉक्टर म्हणाले तुम्हाला कुणी शिकवलं, मी काय सांगणार, मोबाईलमधल्या लोकांनी.

२:२८ ला बाहेर आलं. पडल्यावर हललंच नाही. डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकट काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, कानात थोडं गार पाणी टाकलं तेव्हा एकदम शिंकलं आणि डोकं झटकलं. मग छातीवर बसतं केलं आणि मी पोत्यानं घासत राहिले. नाळ आयोडीनच्या बाटलीत बुडवली. चांदीपुढं ठेवलं तर तिनं जे चाटायला घेतलं ते थांबेना.

गोऱ्हा (नर) आहे. सासूबाई म्हणाल्या एवढं करून गोऱ्हाच. मी काही बोलले नाही.

चीक ३:३० च्या आत दोन लिटर बाटलीनं पाजला, जीभ सुजल्यामुळं ओढायला जमत नव्हतं, थोडा थोडा. सकाळी सातला परत दोन लिटर. डॉक्टर म्हणाले पहिल्या दोन-चार तासांतला चीक म्हणजेच त्याची लस, एका दिवसानंतर आतडं ते घेतच नाही. जार ८:१५ ला पडली. वस्तीवरच्या लोकांनी विचारलं खरवसाला चीक देणार का, मी म्हटलं आधी ज्याचा आहे त्याला पिऊ द्या.

जेल दिलीय डॉक्टरांनी, एक रात्रीच पाजली, एक आज दुपारी. सांगितलंय की कास पूर्ण पिळायची नाही दोन दिवस, वासराला लागेल तेवढंच काढायचं.

---

बापू_फलटण

शाब्बास ताई. आतून कडी लावली हे सगळ्यात भारी केलंत. गोऱ्ह्याचं वाईट वाटून घेऊ नका, गाय वाचली म्हणजे सगळं वाचलं, दूध तीच देणार आहे.

गायीला कोमट पाण्यात गूळ द्या, बाजरीची खिचडी शिजवून त्यात थोडा बाळंतशेपा. पेंड एकदम वाढवू नका, रोज थोडी थोडी.

---

निवृत्त_पशुवैद्य

छान झालं. आता खरी राखण पुढचे तीन दिवस आहे. दर तीन-चार तासांनी कान हातात धरून बघायचे. गार लागले, चालताना मागचे पाय लटपटले, शेण टाकायची बंद झाली, नाकपुडी कोरडी पडली, ह्यातलं काहीही दिसलं की बसायची वाट बघायची नाही. बसली आणि मान पोटाकडं वळवून ठेवली म्हणजे उशीर झालेला असतो. आणि बसलेल्या गायीला तोंडावाटे काही पाजायचं नाही, गिळता येत नाही, फुप्फुसात जातं. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची ती डॉक्टरनीच, सावकाश, जोरात सोडली तर हृदय बंद पडू शकतं. गावात काही जण स्वतःच लावतात, त्यांच्या नादी लागू नका.

---

दोनगायवाली_जुन्नर (१५ ऑक्टोबर)

काका तुम्ही म्हणालात तेच झालं. काल संध्याकाळी सहाला कान धरले तर बर्फासारखे. उभी होती, पण मागचा पाय टाकताना डुलत होती. मागच्या वेळी हे सगळं रात्री झालं असणार आणि आम्ही झोपलेलो, सकाळी बघितलं तेव्हा बसलेलीच सापडली. ह्यावेळी लगेच फोन केला, सातला डॉक्टर आले, बाटली कोमट पाण्यात धरून गरम केली आणि शिरेतून अगदी हळू सोडली, मधेमधे छातीला कान लावून बघत होते. अर्ध्या तासात ती थरथरली, शेण टाकलं, आणि गव्हाणीत तोंड घातलं. बसलीच नाही. आज सकाळी कान गरम आहेत.

मिस्टर आले रात्रीची शिफ्ट संपवून, त्यांना सगळं कॅलेंडरवरच वाचायला दिलं. १२:३५, १:१०, २:०५, २:२८ असं लिहिलेलं, त्यांना वाटलं दुधाचा हिशोब आहे.

गोऱ्हा आता स्वतः सडाला लागतोय. जीभ उतरली. नाव सासूबाईंनीच ठेवलं, सोन्या.

---

पैलवान_गोठा

अभिनंदन वहिनी. खरवस कधी?

---

दोनगायवाली_जुन्नर

सोन्याचं झाल्यावर उरला तर. आज दोन वाट्या निघाला, एक त्या कडीबाहेर थांबलेल्या भावजींकडं पाठवलाय. ते रागावलेत का माहीत नाही, वाटी अजून परत आलेली नाही.

कालवड भरवायची आहे पुढच्या माजाला, लहान अंगाची आहे म्हणून तिला कुठल्या वळूचं वीर्य घ्यावं ते विचारायचंय, त्यासाठी नवीन प्रश्न टाकते उद्या.